बे एरियात नवीन आलात? बँकेच्या खात्यानंतर लगेच लायब्ररीचं कार्ड काढा

नव्याने आलेल्यांना सिम कार्ड, बँक, सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग टेस्ट अशी यादी कुणी ना कुणी पाठवतंच. त्या यादीत लायब्ररीचं कार्ड कधी नसतं. खरं तर सगळ्यात बिनकटकटीचं काम तेच. सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही, क्रेडिट हिस्टरी लागत नाही, व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे घराचं लीज किंवा विजेचं बिल, घेऊन काउंटरवर जा, कार्ड घेऊनच घरी या.

"सरकारी फुकट गोष्ट वापरली तर पुढे ग्रीन कार्डला अडचण येते का हो?" असं दर वर्षी कुणीतरी हळूच विचारतं. नाही येत. शिवाय फुकट कसलं? लायब्ररीचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून भागतो आणि घरमालक तो तुमच्याच भाड्यातून वसूल करतो. इथली भाडी बघता पुस्तकांना सोन्याची पानं असायला हवीत.

आता घोळ होतो तो इथे. सांता क्लारा शहराची लायब्ररी वेगळी आणि सांता क्लारा काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, वेगळी. कुपर्टिनो, मिलपिटास, साराटोगा, लॉस आल्टोस काउंटीकडे. सनीवेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, सॅन होजे यांच्या आपापल्या. फ्रीमाँट तर अलामेडा काउंटीत. लायब्ररीच्या ई-पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये चुकीचं नाव निवडायचं आणि "कार्ड चालत नाही" म्हणून ग्रुपवर मेसेज टाकायचा, हे दर महिन्याला चालतं. आधी नाव नीट बघा. मग कार्डावरचा १४ आकडी नंबर मधे जागा न सोडता टाका. पिन बहुधा तुमच्या फोनचे शेवटचे चार आकडे असतो, तो लगेच बदला.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला राज्यातल्या जवळजवळ कुठल्याही सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड मोफत मिळतं, हे इथे बरीच वर्षं काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. सनीवेलला राहून काउंटीचं, सॅन होजेचं, सॅन फ्रान्सिस्कोचंही काढा. काही ऑनलाइन सेवा फक्त त्या गावच्या रहिवाशांसाठी असतात, पण ई-पुस्तकांसाठी जादा कार्ड सोन्यासारखं.

कारण लिबी. या अ‍ॅपवर ई-पुस्तकं आणि ऑडिओबुक्स मिळतात आणि त्यात सगळी कार्डं एकाच वेळी घालता येतात. गाजलेल्या पुस्तकाला कित्येक आठवड्यांची रांग दिसली की आपली माणसं वैतागून अ‍ॅप काढून टाकतात. फाइलला कसली रांग, हा प्रश्न रास्त आहे. पण प्रकाशक लायब्ररीला फाइल नाही, परवाना विकतात: एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक, आणि पुष्कळ परवाने दोन वर्षांनी संपतात, मग पुन्हा पैसे मोजा. म्हणून एकाच पुस्तकासाठी तीन-चार लायब्ऱ्यांत नंबर लावायचा. नंबर आला की तीन दिवसांत घ्यावं लागतं. तेव्हा वेळ नसेल तर 'नंतर द्या' हा पर्याय निवडा, रांगेतली जागा जात नाही. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंडाचा प्रश्नच नाही. किंडल असेल तर त्यावरही पाठवता येतं. ही सोय फक्त अमेरिकेतल्या लायब्ऱ्यांना आहे, तेव्हा कॅनडातल्या चुलतभावापुढे फुशारकी मारून घ्या.

आता कान देऊन ऐका. कुठल्याही ऑनलाइन कोर्सला पैसे भरण्याआधी लायब्ररीच्या वेबसाइटवर शोधा. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या, कामाची परवानगी नसलेल्या आपल्या मुली घरात बसून कंटाळतात. मग कुणी तरी "डेटा अ‍ॅनालिटिक्स शिक, नोकरी लावून देतो" म्हणतो. ओळखीच्या एका जोडप्याने अशा क्लासला काही हजार डॉलर मोजले. मिळाले काय, तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. एसक्यूएल, एक्सेल, टॅब्लो, पायथन. यातलं सगळं त्यांच्याच लायब्ररीच्या कार्डावर लिंक्डइन लर्निंगमध्ये होतं. आणि ज्याला कामाचीच परवानगी नाही त्याला नोकरी लावून देतो म्हणणारा माणूस काय लायकीचा, हे मी सांगायला नको. तो बहुतेक वेळा आपल्याच देशाचा असतो, हेही लिहून ठेवतो.

मात्र आत शिरायचं ते लायब्ररीच्या पानावरून, कार्ड नंबर आणि पिन टाकून. थेट लिंक्डइनवर गेलात तर ते क्रेडिट कार्ड मागणार, महिनाभराची ट्रायल देणार आणि पुढे गुपचूप पैसे कापणार. संगणकवाल्यांनी ओरायली, म्हणजे तांत्रिक पुस्तकं आणि कोर्सेसची ऑनलाइन सेवा, आहे का तेही बघावं. स्वतः घ्यायला गेलात तर वर्षाला ५०० डॉलरच्या घरात जातं. सगळं प्रत्येक लायब्ररीत नसतं, यादी बघा. पैसे भरण्याआधी शोधा. पुन्हा सांगतोय, कारण पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी भरणारच आहे.

बाकीचं भराभर. गाडी घेण्याआधी वस्तूंची चाचणी घेऊन परीक्षण छापणारं कन्झ्युमर रिपोर्ट्स लायब्ररीतून वाचा, डीलरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. मुलांच्या गृहपाठाला ऑनलाइन शिक्षक मिळतात. डिस्कव्हर अँड गोवरून म्युझियमचे पास काढता येतात, पण शनिवार-रविवारचे लवकर संपतात. कॅनपीवर सिनेमे आहेत. महिन्याला ठराविक तिकिटं मिळतात, ती जपून वापरा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की प्रेसरीडर लावून द्या. हिंदुस्थान टाइम्ससकट जगभरची वर्तमानपत्रं छापील पानासारखी दिसतात, अक्षर मोठं करता येतं. सकाळी चहाबरोबर पेपर मिळाला की बाबांची निम्मी कुरकुर थांबते.

मराठी पुस्तकांची आशा मात्र लिबीकडून धरू नका. त्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर मोफत आहेत, मराठी विश्वकोशही आहे. बाकी पुस्तकं विकत घ्या. महिना तीन हजार डॉलर भाडं भरणारी माणसं दोनशे-तीनशे रुपयांच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ ग्रुपवर फिरवतात आणि वर 'मराठी वाचवा'चे फॉरवर्डही पाठवतात. त्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

भारतात जाताना पुस्तकं विमानतळावर पोचण्याआधीच डाउनलोड करा. लिबी पुण्यातही चालतं. कॅनपीवरचे सिनेमे बहुतेक तिकडे लागत नाहीत, तेव्हा मुलांसाठी वेगळी सोय करून ठेवा.