मुरगळलेला घोटा पुन्हा स्थिर कसा करावा

पायाच्या दोन हाडांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते आणि तिच्यात टॅलस हे हाड बसते. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे पंजा वर उचललेला असताना ते खोबणीत घट्ट बसते. पंजा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सावरण्याचा भार अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर, पडतो. उडी मारून उतरताना किंवा शेवटची पायरी चुकताना नेमकी हीच स्थिती असते. त्यात तळवा आत वळला, तर जमिनीचा रेटा सांध्याच्या अक्षाच्या आतल्या बाजूने वर येऊन पाऊल आणखी आत वळवतो. बाहेरच्या तीन अस्थिबंधांपैकी पुढचा सर्वांत दुबळा, आणि पंजा झुकलेला असताना तोच ताणलेला असतो. म्हणून बहुधा तोच आधी फाटतो.

प्रथम हाड मोडले आहे का, हे ठरवावे. कॅनडात १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम यासाठी उपयोगी आहेत: घोट्याच्या कोणत्याही बाजूच्या हाडाच्या खालच्या ६ सेंटिमीटर भागात मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, करंगळीच्या रेषेतील लांब हाडाच्या बुंध्याशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. सांधा किती सैल झाला आहे, याची हाताने केलेली तपासणी मात्र चार-पाच दिवसांनी, सूज उतरू लागल्यावर अधिक विश्वासार्ह ठरते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणे, शेकणे आणि पाय ओढून "बसवून घेणे" कटाक्षाने टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५–२० मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उंच ठेवावा आणि सोसेल तसे आधाराने चालू लागावे.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती वेदना थांबल्यानंतर. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ मध्ये असे मांडले की, अस्थिबंधाबरोबर पावलाच्या स्थितीची जाणीव देणारे मज्जातंतूही दुखावतात. त्यामुळे सांधा फारसा सैल नसतानाही पाय पुन्हा पुन्हा दगा देतो. शिवाय पाऊल वेगाने वळू लागल्यावर पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पुरेसा जोर लावेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ते स्नायू पाऊल टेकण्याआधीच सज्ज असले पाहिजेत, आणि ती सवय सरावानेच लागते.

म्हणून आधी भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याचा सराव करावा, कारण पंजा पूर्ण वर येत नसेल तर टॅलस घट्ट बसण्याच्या स्थितीत पोहोचतच नाही. नंतर रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल बाहेर वळवावे, टाचा उचलाव्यात आणि एका पायावर उभे राहावे. प्रथम डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग जाड उशीवर. तोल जाण्याची भीती असल्यास भिंत हाताशी असावी. हे जमल्यावरच एका पायावर लहान उड्या माराव्यात आणि उतरताना गुडघा व पंजा एका रेषेत ठेवावा. खेळाडूंनी मैदानात परतल्यावर काही महिने ब्रेस किंवा टेप वापरावा. आधी दुखापत झालेल्यांमध्ये त्याने पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. काही महिने नेटाने व्यायाम करूनही घोटा लचकत राहिला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. सैल झालेला अस्थिबंध घट्ट शिवण्याची, ब्रॉस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया अशा वेळी विचारात घेतली जाते.