आजोबांचं रिव्हॉल्वर कुठलं आणि कधीचं, कसं ओळखायचं

पंचवटीतला आमचा जुना वाडा रिकामा करताना आजोबांच्या लाकडी पेटीत फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर निघालं. आजी सांगायची पहिल्या महायुद्धातलं आहे, मामा म्हणायचे देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबाने दिलंय. खरं काय ते लोखंडावरच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं.

पण आधी एक काम करा. वस्तू आहे तिथेच ठेवा, चाप-घोड्याला हात लावू नका, आत काडतूस आहे असंच समजा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. लायसन आजोबांच्या नावावर होतं म्हणून ते आपोआप आपलं होत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या गन डीलरकडे जमा करायचं आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत जोडून, शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात कलेक्टर ऑफिसला. ओळख पटवायचं कामही डीलरकडेच करा, तो रिकामं करून दाखवेल तेव्हाच फोटो काढा.

आता मुख्य गोष्ट. घासू नका!! आमच्याकडे कोणीतरी प्रेमापोटी पॉलिश पेपर मारला होता आणि फ्रेमवरचा (म्हणजे मुख्य सांगाड्यावरचा) अर्धा शिक्का गेला, मला अजून वाईट वाटतं त्याचं. मऊ कापड, तिरपा उजेड आणि भिंग एवढं पुरतं.

पहिले बघा ते उघडतं कसं. घोड्याजवळचा खटका दाबल्यावर नळी पुढे खाली झुकून काडतुसं वर येत असतील तर वेबली किंवा एन्फिल्ड या इंग्लिश घराण्यातलं असायची शक्यता जास्त, सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं) बाजूला बाहेर येत असेल तर बहुतेक अमेरिकन कोल्ट, स्मिथ अँड वेसन किंवा त्यांची नक्कल. आणि सिलिंडरच नसेल, मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी मुठीत असेल तर ते पिस्तूल. आपल्याकडे सगळ्यालाच रिव्हॉल्वर म्हणतात, पण १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं.

मग शिक्के. पंख असलेली गोळी हा वेबलीचा ट्रेडमार्क. वेबली मार्क सहा (मार्क म्हणजे मॉडेल) म्हणजे पॉइंट ४५५ बोअर (नळीच्या छिद्राचं माप, इंचात), सहा इंची नळी, चौकोनी मूठ, १९१५ पासूनचं, त्याआधीच्या मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी गोल. एन्फिल्ड नंबर दोन १९३२ पासूनचं, त्याच्या फ्रेमवर मुकुटाखाली सनच ठोकलेला असतो. बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी माल, दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो सैन्यातून विकून टाकलेला. मुकुटाखाली बीपी, बीव्ही ही बर्मिंगहॅमला होणाऱ्या शस्त्राच्या मजबुतीच्या चाचणीची १९०४ नंतरची खूण, आणि मुकुटाखाली बीएनपी दिसलं की १९५४ नंतरचं समजा. 'नॉट इंग्लिश मेक' असेल तर परदेशी माल इंग्लंडमध्ये १९२५ नंतर तपासलेला.

फसायच्या जागा पण सांगते. वरच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही' किंवा कलकत्त्याचं 'मॅन्टन' दिसलं तर तो विकणारा, बनवणारा नाही. स्मिथ अँड वेसनच्या नळीवरच्या तारखा पेटंटच्या असतात, बनवल्याच्या नाहीत. स्पेनच्या एइबार गावात हुबेहूब नकला बनायच्या. आणि कानपूरच्या फॅक्टरीतलं पॉइंट ३२ रिव्हॉल्वर वेबलीच्याच धाटणीचं आहे, लांबून बघून इंग्लिश म्हणू नका.

बोअर नक्की कळणं कायद्यासाठी पण महत्त्वाचं आहे कारण पॉइंट ३८ आणि ४५५ प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, पॉइंट ३२ येत नाही. शस्त्र कधीच चालू शकणार नाही, दुरुस्त करूनही नाही, आणि जुन्या धाटणीचं असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते आपण घरी ठरवायचं नाही.

आमचं पॉइंट ३२ चं वेबली निघालं, नळीवर बीएनपी. म्हणजे महायुद्ध गेलं आणि गोरा साहेबही गेला. पुढे आजोबांची लायसनची जुनी वही सापडली (ही आवर्जून शोधा, तिच्यात मेक, बोअर, नंबर सगळं असतं), तिच्यात खरेदीची नोंद होती १९५८ ची. नंबर फ्रेमवरच्या नंबरशी तंतोतंत जुळला, खाली आजोबांची मोडी वळणाची सही.