वसंतातल्या अवचित थंडीत मधमाश्यांच्या वसाहती कशा सांभाळाव्यात

कडक हिवाळा निभावून नेलेली वसाहत वसंतात, फुले दिसू लागल्यावर मरते, याचे नवख्या मधपाळाला नवल वाटते. पण एपिस मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दृष्टीने थंड प्रदेशातला हाच काळ सर्वांत नाजूक असतो. हिवाळ्यात राणीमाशीचे अंडी घालणे जवळजवळ थांबलेले असते आणि पेटीतला मध बेताने खर्च होतो. दिवस मोठे होऊन पराग येऊ लागला की राणी झपाट्याने अंडी घालू लागते, अळ्यांना भरवण्यात मधाचा साठा भराभर उतरतो, आणि हिवाळा काढलेल्या म्हाताऱ्या कामकरी माश्या नव्या माश्या पुरेशा बाहेर पडण्याआधीच संपत जातात. नेमक्या अशा वेळी पारा पुन्हा घसरला, तर थोड्या माश्यांवर मोठ्या पिल्लावळीचा भार पडतो.

पिल्लांच्या पोळ्यांचे तापमान सुमारे 34 ते 35 अंश सेल्सिअस राखावे लागते. माश्या पंख न हलवता छातीतले उड्डाणाचे स्नायू थरथरवून ही ऊब निर्माण करतात आणि त्यासाठी लागणारे इंधन म्हणजे मध. बाहेरचे तापमान साधारण 14 अंशांच्या खाली गेले की माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळका करतात, आणि थंडी वाढेल तसा तो आवळत जातो. गोळका आवळला की कडेची पिल्ले उघडी पडतात आणि गारठून मरतात. मात्र निरोगी आणि पोटभर खाल्लेली वसाहत केवळ थंडीने सहसा मरत नाही. तिला मारते ती भूक. त्यामुळे पेटीला पांघरूण घालण्याच्या खटपटीआधी अन्नाचा हिशेब करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब पेटी न उघडता करता येतो. पेटीची मागची बाजू हाताने किंचित उचलून पाहावी. हलकी पेटी चटकन वर येते, भरलेली जागची हलत नाही. अंदाज बसेपर्यंत एखादी रिकामी आणि एखादी भरलेली पेटी उचलून हाताला सवय करून घ्यावी, किंवा सरळ ताणकाटा वापरावा. लँगस्ट्रॉथ पेटीतली (सुट्या चौकटींची प्रचलित पेटी) मोठी चौकट, म्हणजे पोळे धरणारी लाकडी पट्ट्यांची चौकट, दोन्ही बाजूंनी मधाने भरलेली असेल, तर तिच्यात साधारण अडीच ते तीन किलो मध असतो. थंडीचा अंदाज आल्यावर अशा निदान दोन चौकटींइतका साठा तरी हवा, आणि तोही पिल्लांना लागून हवा. दुसऱ्या टोकाच्या चौकटीत मध असूनही माश्या उपाशी मरतात, कारण गारठ्यात गोळका सोडून दोन पोळी ओलांडणे त्यांना जमत नाही. अशी मेलेली वसाहत ओळखणे सोपे असते: माश्या रिकाम्या कोठड्यांत डोके खुपसून, शेपटाकडची बाजू बाहेर ठेवून ओळीने मेलेल्या दिसतात आणि तळपाटावर मेलेल्या माश्यांचा थर साचलेला असतो. म्हणून थंडीच्या आधीच्या उबदार दुपारी मधाची चौकट पिल्लांच्या शेजारी सरकवून ठेवावी.

मध कमी असल्यास साखर द्यावी लागते, पण कोणत्या रूपात हे हवेवर ठरते. वसंतात एक किलो साखरेला एक लिटर पाणी अशा प्रमाणाचा पातळ पाक देण्याची रीत आहे. मात्र हवा 10 अंशांच्या आसपास उतरली की माश्या गार पाकाकडे फिरकत नाहीत, शिवाय पेटीतला ओलावा वाढतो. त्या दिवसांत घट्ट खाद्यच द्यावे. साखर मळून केलेली मऊ वडी चपटी करून चौकटींच्या वर, अगदी गोळक्याच्या डोक्यावर ठेवावी. वडी नसेल तर चौकटींवर वर्तमानपत्राचा कागद अंथरून, कडेने हवा खेळेल इतकी जागा सोडून, त्यावर कोरडी साखर पसरावी आणि ती गोळा धरेल इतपतच पाणी शिंपडावे. झाकण वर बसावे म्हणून मध्ये चार-पाच सेंटीमीटर उंचीची लाकडी चौकट लागते. साखर पांढरी दाणेदारच घ्यावी. तपकिरी साखर किंवा काकवी दिल्याने माश्यांना हगवण लागते, बाजारातल्या पिठीसाखरेत कधीकधी स्टार्च मिसळलेला असतो, आणि अनोळखी ठिकाणचा मध दिल्यास त्यातून अळ्या कुजवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे जंतू पेटीत शिरू शकतात.

ऊब टिकवण्याची कामे त्या मानाने थोडी आहेत. माश्यांनी व्यापलेल्या नाहीत अशा कडेच्या चौकटी काढून त्या जागी आडफळी (पोकळी लहान करणारी उभी फळी) बसवावी, म्हणजे वसाहतीला लहान पोकळी तापवावी लागते. प्रवेशद्वार काही सेंटीमीटरपर्यंत अरुंद करावे, पण मेलेल्या माश्यांनी ते तुंबत नाही ना हे अधूनमधून काडीने तपासावे. झाकणाखाली उष्णतारोधक थर द्यावा, कारण थंड झाकणाला लागलेली माश्यांच्या श्वासातली वाफ पाणी होऊन गोळक्यावर ठिबकते, आणि कोरड्या थंडीपेक्षा ही ओल अधिक घातक असते. पेटी पुढे किंचित कलती ठेवल्यास पाणी बाहेर वाहून जाते. प्लास्टिकने पेटी गच्च गुंडाळणे मात्र टाळावे. ऊन येणाऱ्या पण वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी, खडे टाकलेल्या उथळ भांड्यात पाणी ठेवल्यास माश्यांना गारठ्यात लांब जावे लागत नाही. दाट मध पातळ करून अळ्यांना भरवण्यासाठी या दिवसांत त्यांना पाणी लागतेच.

खरा धोका पुष्कळदा मधपाळाच्या उतावळेपणातून येतो. दोन दिवस ऊन पडले म्हणून मधाची नवी कोठी (मध साठवण्यासाठी पेटीवर ठेवायचा वरचा मजला) चढवणे, किंवा राणीने जास्त अंडी घालावीत म्हणून पिल्लांच्या मधोमध रिकामे पोळे घुसवणे, म्हणजे वसाहतीची ऊब दुभंगणे होय. थंडी असेपर्यंत चौकटी उचलून तपासणी करू नये. खाद्य ठेवायचे झाल्यास झाकण क्षणभर सरकवून काम उरकावे. पेटीला कान लावून हळुवार टिचकी मारल्यावर क्षणभर गुणगुण उठून विरली, तर वसाहत जिवंत आहे एवढे कळते. भुकेने निपचित पडलेल्या माश्यांवर कोमट पातळ पाकाचा अगदी हलका फवारा मारून पाहावा. वेळीच केल्यास त्या पुन्हा हालचाल करू लागतात.

थंडी ओसरून हवा 15 अंशांच्या वर गेली की पेटी उघडावी. गारठलेली पिल्ले बहुधा पिल्लावळीच्या कडेलाच, वेगवेगळ्या वयाची एकदम मेलेली आढळतात आणि माश्या ती ओढून बाहेर टाकतात. खडूसारखी कडक, पांढरी किंवा राखाडी झालेली अळी दिसल्यास तो बुरशीचा रोग असतो. गारठा आणि ओल त्याला पोषक ठरतात, पण वसाहत बळावली की तो बहुधा आपोआप आटोक्यात येतो. मात्र झाकलेल्या कोठड्यांची झाकणे खचलेली, भोके पडलेली असतील आणि आत काडी घातल्यावर तपकिरी चिकट तार निघत असेल, तर तो थंडीचा परिणाम नव्हे, तो फाउलब्रूड आहे, आणि अशी पेटी लगेच वेगळी काढून तज्ज्ञाला दाखवावी. मूठभर माश्या उरलेली पण निरोगी वसाहत शेजारच्या बळकट वसाहतीत वर्तमानपत्राच्या पडद्याने, म्हणजे दोन्ही पेट्यांमध्ये कागद ठेवून तो माश्यांना हळूहळू कुरतडू देऊन, मिसळावी; तिला एकटी जगवण्याच्या नादात दोन्हींचा हंगाम जातो. कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांत तयार होते, त्यामुळे आज मेलेल्या अळ्यांची उणीव दोन आठवड्यांनी, ऐन फुलोऱ्यात जाणवते. तोवर हवेकडे पाहून पातळ पाक चालू ठेवावा आणि मधाची कोठी चढवण्याची घाई करू नये.