स्पेक्ट्रम सेन्सर बनवताय? या चुका टाळा

उजेडातले रंग वेगवेगळे मोजणारा स्पेक्ट्रम सेन्सर डब्यात, डबा बंद, खोलीतला दिवा बंद, वर जाड चादर. तरी ५१५ नॅनोमीटरचा चॅनल, म्हणजे त्या तरंगलांबीचा हिरवा उजेड मोजणारा भाग, काही केल्या शून्याजवळ येईना. ५५५चाही थोडा उचललेला, बाकीचे गुमान बसलेले. मी वायरी बदलल्या, लायब्ररी बदलली, सेन्सरच खराब आलाय असंही ठरवून टाकलं. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर चादरीखालीच डबा उघडून पाहिला, तर मॉड्यूलवरचा पॉवरचा इवलासा हिरवा एलईडी आत मस्त उजेड पाडत होता. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि आकडा खाली आला.

या उपकरणातल्या बहुतेक चुका अशाच उजेडात आणि डब्यात असतात. आपण मात्र त्या कोडमध्ये शोधत बसतो.

मी वापरतो ती चिप म्हणजे एएस७३४१. ४१५, ४४५, ४८०, ५१५, ५५५, ५९०, ६३० आणि ६८० नॅनोमीटर असे आठ दृश्य चॅनल, शिवाय एक बिनफिल्टरचा आणि एक इन्फ्रारेडचा. जोडणीबद्दल दोनच गोष्टी. चिप १.८ व्होल्टवर चालते, तेव्हा मॉड्यूलवर रेग्युलेटर (पुरवठ्याचा व्होल्टेज उतरवणारा) आणि लेव्हल शिफ्टर (सिग्नलचा व्होल्टेज जुळवणारा) असल्याची खात्री केल्याशिवाय ५ व्होल्टच्या आर्डुइनो कंट्रोलर बोर्डाला जोडू नका. आणि तिचा आय-टू-सी पत्ता, म्हणजे एकाच वायरींवर (बसवर) अनेक चिप जोडल्यावर तिला ओळखायचा क्रमांक, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ३९ आहे. एपीडीएस-९९६० या हावभाव ओळखणाऱ्या सेन्सरचाही तोच. दोघं एका बसवर आले की रीडिंग वेड्यासारखी येतात.

आता सगळ्यात फसवी चूक. १६ बिटांचा सेन्सर म्हणजे आकडा ६५५३५ला टेकला तरच सॅच्युरेशन (मोजणीची मर्यादा गाठणं), असं आपण धरून चालतो. तसं नाही. कमाल आकडा ठरतो एटाइम आणि एस्टेप या चिपमधल्या दोन रजिस्टरांत (सेटिंगच्या कप्प्यांत) ठेवलेल्या आकड्यांवरून: दोन्हींत एकेक मिळवायचा आणि गुणाकार करायचा. एटाइम २९, एस्टेप ५९९ ठेवलं तर ३० गुणिले ६००, म्हणजे १८०००. आकडा त्याच्या वर जाणारच नाही, मग समोर सूर्य का धरेना. मी पहिल्यांदा पांढरा कागद मोजला तेव्हा बरेच चॅनल एकसारखे, सरळ रेषेत आले. पांढरा रंग असाच असणार म्हणून मी खूश! ते सगळे १८०००ला डोकं टेकून उभे होते. असं दिसलं की गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, कमी करा. तो ०.५ पटीपासून ५१२ पटीपर्यंत बदलता येतो. सगळ्यात उजळ चॅनल कमाल आकड्याच्या साधारण तीन चतुर्थांशावर राहील असं पाहा.

त्याच गुणाकाराला २.७८ मायक्रोसेकंदाने गुणलं की मोजणीचा वेळ मिळतो. वरच्या सेटिंगला तो ५० मिलिसेकंद येतो आणि हा आकडा फार सोयीचा आहे. विजेवरचे बरेच दिवे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १२० वेळा लुकलुकतात. ५० मिलिसेकंदांत त्याची अनुक्रमे पूर्ण ५ आणि पूर्ण ६ आवर्तनं बसतात. चिपमध्ये एडीसी (सिग्नलचा आकडा करणारे भाग) सहाच असल्यामुळे आठ चॅनल दोन खेपांत मोजले जातात. वेळ अर्धवट ठेवला तर पहिल्या खेपेला उजेड चढलेला आणि दुसऱ्या खेपेला उतरलेला सापडतो. मग पहिले चार रंग आणि पुढचे चार रंग यांच्यामध्ये पायरी दिसते आणि आपण ती वस्तूच्या रंगाची समजतो.

वस्तूचा रंग मोजायला बहुतेकजण पांढरा एलईडी लावतात आणि कच्चे आकडे थेट आलेखावर टाकतात. मग टोमॅटो असो की पालक, ४४५ला उंचवटा आणि ४८०ला खड्डा ठरलेला. तो खड्डा एलईडीचा. म्हणून तीन मोजण्या करा: एलईडी बंद ठेवून अंधाराची, पांढऱ्या संदर्भाची आणि वस्तूची. वस्तूतून अंधार वजा, संदर्भातूनही अंधार वजा, आणि मग भागाकार. संदर्भाला नळजोडणीची टेफ्लॉन टेप आठ-दहा पदर करून वापरावी. छपाईचा कागद नको, त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि ती निळ्या भागात उलटा उजेड देतात. एलईडी लावल्यावर काही मिनिटं थांबा, तो तापत जातो तसा मंदावतो. आणि इन्फ्रारेडचा भागाकार करूच नका. पांढऱ्या एलईडीत त्या भागात जवळजवळ काही नसतं, तेव्हा गोंगाटाला गोंगाटाने भागल्यासारखं होतं. ४१५चंही जवळपास तेच.

सेन्सरवर डिफ्यूझर (उजेड सगळीकडे सारखा पसरवणारा पडदा) नसेल तर तोही बसवा, टेफ्लॉनचे एक-दोन पदर चालतात. आतले फिल्टर तिरक्या उजेडात आपली तरंगलांबी आखूड बाजूला सरकवतात, त्यामुळे वस्तू जराशी कलली तरी आकडे बदलतात.

आठ ठिपके गुळगुळीत वक्राने जोडायचा मोह मलाही होतो. पण एकेक चॅनल साधारण २६ ते ५२ नॅनोमीटर रुंद आहे. ५३२चा हिरवा लेसर ५१५ आणि ५५५ या दोन्हींत दिसतो आणि वक्र मधे छान टेकडी काढून दाखवतो. मी आता स्तंभालेखच काढतो.

बारीक रेषाच बघायच्या असतील तर ही चिप बाजूला ठेवा. एक डबा, उजेडाचे रंग फाकवायला डीव्हीडीचा तुकडा, ब्लेडच्या दोन पात्यांची फट आणि फोनचा कॅमेरा घ्या. डीव्हीडीच्या खाचांमधलं अंतर ७४० नॅनोमीटर, सीडीचं १६००, म्हणून डीव्हीडीत रंग जास्त फाकतात. ऑटो एक्स्पोजर बंद करा. सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१च्या रेषा शोधून पिक्सेल त्यांच्याशी जुळवा. त्याआधी फोन डब्याला पक्का बांधा, केसभर सरकला तरी दोन्ही रेषा पुन्हा शोधाव्या लागतात.