पत्र्याचा गोठा बांधताय? आधी खांबाचा पाय बघा

पाडवा झाला की आपल्या कोल्हापुराकडं गोठ्याच्या कामांची गडबड सुरू होते. ऊस तुटून गेलेला असतो, बिल हातात असतं आणि मिरगाच्या आत म्हशी नव्या छपराखाली घ्यायच्या असतात. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतचे फॅब्रिकेटर नेमके याच दिवसांत अडकलेले असतात. म्हणून खोदाई आणि काँक्रीट आत्ताच उरकून घ्या. काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारायचं असतं, आणि वळवाचं वारं कुणाला विचारून येत नाही.

कोटेशन घेताना आपण सगळे पत्र्याचा रंग आणि दर विचारतो. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या गोठ्याचे चौकोनी पाइप सरळ कोब्यात गाडले होते. सहाव्या उन्हाळ्यात एका खांबाचा रंग जमिनीलगत फुगलेला दिसला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर टोक आरपार गेलं. आतून मुठभर गंज खाली सांडला. वरचा पत्रा मात्र नवा वाटावा असा होता. नवे खांब ठरवेपर्यंत वळीव आला आणि छपराचं एक पाख (एका बाजूचा उतार) उचलून शेजारच्या उसात नेऊन टाकलं. म्हशी तेव्हा चिंचेखाली बांधलेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

लोखंड सडतं ते पावसानं कमी, मुतानं जास्त. म्हणून खांब जमिनीत गाडायचाच नाही. कोब्याच्या वर दीड ते दोन फूट काँक्रीटचा ठोकळा घ्या, त्यात फाउंडेशन बोल्ट बसवा आणि बेसप्लेटवर, म्हणजे त्या बोल्टांना आवळलेल्या लोखंडी पाटीवर, खांब उभा करा. पाइपाचं वरचं तोंड झाकून वेल्डिंग करायला सांगा, नाहीतर आत पाणी उतरतं आणि पाइप आतून गंजतो. वेल्डिंगच्या प्रत्येक जागी घासून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा तांबडा रंग) मारल्याशिवाय वरचा रंग लावू देऊ नका. ठोकळ्याचा खर्च वाढतो हे खरं, पण पैसा वाचवायचाच असेल तर पत्र्याच्या रंगात वाचवा, इथं नको.

आता पत्रा. दुकानात 0.50 मि.मी. सांगून 0.35 दिला जातो. डोळ्याला फरक कळत नाही, काट्याला कळतो. साडेतीन फुटी, 10 फूट लांब पत्रा 0.50 चा असेल तर 14 किलोच्या आसपास भरतो. 10 किलो भरला तर तो 0.35 चा समजा. गॅल्व्हल्यूम, म्हणजे जस्त-अॅल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा, घेत असाल तर गॅरंटी कार्ड पूर्ण वाचा, कारण जनावरांचा गोठा त्यातून वगळलेला असू शकतो. शेणमुताच्या वाफेतला अमोनिया त्या लेपाला मानवत नाही. उन्हासाठी वरून चुना मारायची आपली जुनी सवय या पत्र्यावर सोडून द्या. चुना जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो. पांढऱ्या रंगाचा पत्रा घ्या, किंवा उन्हाळ्यापुरतं उसाचं पाचट अंथरून दोरीनं बांधा आणि मिरगाआधी काढा. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसकट. वळचणीला आणि कडांना प्रत्येक माथ्यावर स्क्रू हवा, कारण वारं कडेलाच हात घालतं.

वाफ बाहेर जायला वाट ठेवली नाही तर सगळंच वाया. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं पत्र्याखाली कोंडलेल्या हवेत ती तोंड उघडून धापा टाकते आणि संध्याकाळचं दूध घटतं. वळचणीला 10 फूट, आढ्याला 14-15 फूट उंची घ्या. आढ्यावर फूटभर फट ठेवून त्यावर उचललेली टोपी बसवा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडं झड पश्चिमेकडून येते, तेव्हा पश्चिमेची आखूड बाजू पत्र्यानं बंद करा आणि लांब बाजू मोकळ्या सोडा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी अशा जास्त पावसाच्या भागात वळचण 3 फूट पुढं काढा आणि पाख जास्त उतरतं घ्या.

म्हशीला छपराखाली 4 चौरस मीटर, गाईला साडेतीन धरा. कोब्याला 40 फुटांना 1 फूट उतार आणि वर खरबरीत रेघा. गुळगुळीत कोब्यावर गाभण म्हैस घसरली तर नुकसान मोजता येत नाही.

घोडं असेल तर त्याला म्हशींच्या दावणीला बांधू नका. त्याला 12 बाय 12 फुटांची स्वतंत्र खोली आणि 4 फूट रुंद दार हवं. घोडं लाथ मारतं. नुसत्या पत्र्याची भिंत असेल तर पाय आरपार जातो आणि फाटलेली कड शीर कापते. म्हणून आतून 4-5 फुटांपर्यंत वीटकाम किंवा जाड फळ्या घ्या. पत्र्याची एकही कड त्याच्या अंगाला लागेल अशी ठेवू नका; स्वतः तळहात फिरवून बघा. खाली रबरी मॅट, वर कोरडं अंथरूण. बुरशी धरलेलं चिपाड अजिबात नको, त्याच्या धुळीनं घोड्याला दम लागतो.

लोखंडी गोठ्यात कडबाकुट्टीची वायर एका खांबाला घासली तरी सगळा सांगाडा जिवंत होतो. ओल्या कोब्यावर उभी म्हैस तो झटका सोसू शकत नाही. अर्थिंग आणि झटका बसताच वीज तोडणारा ब्रेकर दोन्ही बसवा, आणि दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबा.

पंचगंगेकाठच्या गावांनी जागा ठरवण्याआधी पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती आखलेली हद्द, बघावी. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं याची खूण गावात कुणीही दाखवेल. तिथं बांधणं टळत नसेल तर नटबोल्टचा, उकलून नेता येईल असा सांगाडाच करा. दावी एका ओढीत सुटतील अशा गाठीची ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. जनावरं 39 लाच हलवा, कारण पुढं रस्त्यावर पाणी येतं आणि टेम्पोवाला यायला तयार होत नाही.