लग्नपत्रिकेत वर-वधूच्या चौकटी एका ओळीत कशा बसवायच्या

तुळशीचं लग्न लागलं की परभणीतल्या आमच्या डीटीपीच्या टेबलावर पत्रिकांचे कच्चे कागद साचायला लागतात. मजकूर बहुतेक ठरलेला. एका बाजूला 'चि.', दुसऱ्या बाजूला 'चि. सौ. कां.', खाली आईवडिलांची नावं, मग 'रा.', तालुका, जिल्हा, आणि मुलगा पुण्याला कंपनीत असेल तर 'ह. मु.'ची एक जादा ओळ. प्रूफ हातात घेतलं की मुलीचे वडील सगळ्यात आधी बघतात ते आपल्या लेकीचं नाव मुलाच्या नावाच्या बरोबरीला आहे का. "ताई, आमच्याकडचं नाव जरा खाली बसू लागलं की हो," असं म्हणणाऱ्या माणसाला लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) कशाशी खातात ते माहीत नसतं, पण त्याची नजर बरोबर असते. दोन घरांचा मान त्या एका ओळीत असतो, म्हणून ती ओळ जुळलीच पाहिजे.

मी पानं जुळवायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरते, त्यामुळे आधी त्यातलं सांगते.

नाव खाली-वर दिसलं की बरेच जण चौकट माउसने ढकलतात, नाहीतर वर एक रिकामा एंटर मारतात. हे दोन्ही करू नका. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फोन करून आजोबांचं नाव वाढवतं, आणि ढकलून बसवलेलं सगळं पुन्हा विस्कटतं. एंटर मारायची सवय असेल तर आधी कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबून लपलेली चिन्हं दाखवा. एका चौकटीत नावाच्या वर रिकामा परिच्छेद बसलेला बऱ्याचदा तिथेच सापडतो आणि काम संपतं.

नाही सापडला, तर चौकटींकडे वळा. कंट्रोल पॅनलमधला नऊ ठिपक्यांचा चौकोन दिसतो, त्यातला डावीकडचा वरचा ठिपका निवडा आणि दोन्ही चौकटींचा वाय आकडा, म्हणजे पानावरची वर-खालची जागा, ताडून बघा. मधला ठिपका निवडलेला असेल तर वाय चौकटीच्या मध्यापासून मोजला जातो, आणि उंची वेगळी असलेल्या चौकटी आकड्यात जुळूनही कागदावर जुळत नाहीत. मग एकेक चौकट निवडून कंट्रोल-बी दाबा, म्हणजे टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्स उघडेल. तिथे वरचा इन्सेट, म्हणजे चौकटीची कड आणि मजकूर यांच्यातली मोकळी जागा, दोन्हीकडे सारखा हवा. मागच्या वर्षीच्या फाइलमधून एक बाजू उचलली आणि दुसरी नवीन केली, की एकीकडे २ मिलिमीटर इन्सेट आणि दुसरीकडे शून्य, असं हमखास होतं.

त्याच खिडकीत व्हर्टिकल जस्टिफिकेशन आहे, म्हणजे मजकूर चौकटीत वर, मध्ये की खाली बसवायचा ते. तिथे 'सेंटर' ठेवलेलं असेल तर आधी 'टॉप' करा. दोन्हीकडे ओळी सारख्या असतील तोवर सेंटर छान दिसतं. पण 'ह. मु.'ची ओळ एकाच बाजूला आली की ती चौकट स्वतःचा मजकूर अर्धी ओळ वर सरकवते. लीडिंग २० पॉइंट असेल तर नावं १० पॉइंटांनी फसतात. दोन चौकटींची पहिली ओळ जुळवायची असेल तर टॉपशिवाय दुसरं काही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. 'बॉटम' मी ग्रामपंचायतीच्या कागदांना ठेवते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या सह्यांच्या जागा शेजारी-शेजारी असतात, तिथे खालची पदाची ओळ जुळणं महत्त्वाचं.

खरी मेख पुढच्या टॅबमध्ये आहे. ओळीतली अक्षरं ज्या खालच्या रेषेवर बसतात ती बेसलाइन. बेसलाइन ऑप्शन्समध्ये फर्स्ट बेसलाइनचा ऑफसेट मुळात 'असेंट' असतो. म्हणजे पहिली ओळ चौकटीच्या वरच्या कडेपासून किती खाली बसायची, हे फॉन्टच्या उंचीवर ठरतं. दोन्हीकडे एकच फॉन्ट, एकच साइझ असेल तर अडचण येत नाही. पण एकीकडे 'बालू' आणि दुसरीकडे 'मुक्त' असेल, तर चौकटी काटेकोर जुळवूनही नावं जुळत नाहीत, कारण दोन फॉन्टांची उंची वेगळी. ऑफसेट 'लीडिंग' करा. आता पहिली ओळ ठरते ती लीडिंगच्या आकड्यावर, आणि तो आकडा तुमच्या हातात आहे. दोन्हीकडे एकच लीडिंग द्या, ऑटो ठेवू नका. १४ पॉइंटच्या मराठीला मी २० देते. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना श्वास घ्यायला जागा लागते. खालचा प्रीव्ह्यूचा चौकोन टिक केलेला असला की नाव डोळ्यांदेखत जागेवर येताना दिसतं.

इतकं करूनही एक ओळ ऐकत नसेल, तर तिच्या शेवटची मोकळी जागा निवडून तिची साइझ बघा. इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराला चिकटलेलं असतं आणि ओळीतलं सगळ्यात मोठं लीडिंग पूर्ण ओळीला लागू होतं. समजा ओळ १२ पॉइंटची आहे, लीडिंग ऑटो, म्हणजे १२० टक्के, म्हणजे १४.४. तिच्या शेवटी एखादी १८ पॉइंटची स्पेस राहून गेली की ओळीचं लीडिंग २१.६ होतं. ओळ ७.२ पॉइंट, म्हणजे अडीच मिलिमीटर खाली जाते, आणि कारण डोळ्यांना दिसतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली लीडिंग पूर्ण परिच्छेदाला लावण्याचा पर्याय आहे, तो चालू करून ठेवला की पुढची कामं सुखाने होतात. परिच्छेदाच्या 'स्पेस बिफोर'च्या नादी मात्र इथे लागू नका. चौकटीतल्या पहिल्या ओळीला इनडिझाइन ती जागा देतच नाही.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात आणि सॉफ्टवेअर तीच रेषा धरून चालतं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि वाचणाऱ्याची नजर शिरोरेषेवरूनच सरकते. फॉन्ट आणि साइझ एकच असेल तर बेसलाइन जुळली की शिरोरेषाही जुळते. पण एका बाजूचं नाव लांब म्हणून तिथे १६ चं १४ केलं, की बेसलाइन जुळूनही शिरोरेषा खाली-वर होते. मुलीच्या वडिलांना खटकतं ते हेच. शक्य असेल तर साइझ कमी करूच नका, चौकट रुंद करा किंवा दोन्ही नावं सारखीच लहान करा. फारच अडलं तर रूलरमधून एक आडवी गाइड ओढून मोठ्या नावाच्या शिरोरेषेवर ठेवा, झूम वाढवा, आणि लहान नावाच्या चौकटीचा ऑफसेट 'फिक्स्ड' करून शेजारच्या 'मिन'मध्ये आधी लीडिंगचाच आकडा टाका, मग तो थोडा-थोडा कमी करत शिरोरेषा गाइडला टेकवा. शेवटी डब्ल्यू दाबून गाइड आणि चौकटींच्या कडा लपवा आणि लांबून बघा.

नावापासून जिल्ह्यापर्यंत सगळ्याच ओळी समोरासमोर हव्या असतील तर दोन चौकटींचा हट्ट सोडा. एकाच चौकटीत दोन कॉलमचं टेबल घ्या, रेषांची जाडी शून्य करा. नावाची एक रो, आईवडिलांची एक, गावाची एक. डावीकडे आईवडिलांचा मजकूर दोन ओळींवर गेला तरी गावाची रो दोन्हीकडे एकत्रच खाली सरकते. सेल ऑप्शन्समध्येही फर्स्ट बेसलाइनचा ऑफसेट आहे, तिथेही 'लीडिंग' ठेवा. माझ्या बहुतेक पत्रिका आता टेबलातच असतात.

इनडिझाइनऐवजी कोरलड्रॉ वापरणाऱ्या कोरलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. छपाईला देताना मजकूर कर्व्ह केला की तो मजकूर राहत नाही, आकृती होतो. मग कोरल आकृतीची वरची आणि खालची टोकं बघतं. डावीकडे 'मानवत' आणि उजवीकडे 'सेलू' घ्या. मानवतच्या शिरोरेषेवर काहीच नाही, सेलूवर मात्रा आहे आणि खाली ऊकार. दोन्ही निवडून वरून अलाइन केलं की मात्रेचं टोक मानवतच्या शिरोरेषेशी जुळतं आणि अख्खं सेलू खाली जातं. खालून केलं तर ऊकाराचं टोक मानवतच्या पायाशी येतं आणि सेलू वर चढतं. म्हणून अलाइन कर्व्ह करण्याआधीच उरका. अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटच्या डॉकरमध्ये मजकुरासाठी बाउंडिंग बॉक्सऐवजी पहिल्या ओळीची बेसलाइन निवडता येते, ती निवडा, दोन्ही गावं एका रेषेत आणा, आणि मगच कंट्रोल-क्यू दाबा. कर्व्ह न केलेली एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा. आजोबांचं नाव वाढवायचा फोन येतोच.