रिसायकलिंगचा व्यवसाय वाढवताना: यंत्राआधी दार

रिसायकलिंगचा व्यवसाय वाढवायचा म्हटले की बहुतेकांना आधी यंत्र आठवते. पण पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेची वाटचाल पाहिली, तर सुरुवात घरांच्या दारापासून करावी, असे दिसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे आलेल्या ‘स्वच्छ’ने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. कुंडीत वाकून वेचावा लागणारा माल त्यामुळे कोरडा, वेगळा आणि रोज हाती येऊ लागला. शिवाय घरटी मासिक शुल्क मिळू लागले. भंगाराचे भाव कोसळतात तेव्हा ठरलेल्या शुल्काचाच आधार असतो, म्हणून आपणही आधी जवळच्या सोसायट्यांशी लेखी करार करावा आणि माल उचलण्याचा ठरलेला वार चुकवू नये.

नफा खरा असतो तो वर्गवारीत. पाण्याची बाटली घेतली, तर ती पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि तिचे झाकण निराळ्या प्लास्टिकचे. बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात टाकले की पेट तळाशी बसते आणि झाकणाचे तुकडे वर तरंगतात, त्यामुळे ते सहज काढता येतात. बाटलीवरचे पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकचे वेष्टन मात्र पेटसारखेच बुडते आणि थोडे जरी राहिले तरी वितळवताना सगळा घाणा पिवळा पडतो. ते तुकडे करण्याआधी हातानेच सोलून काढावे. हे कंटाळवाणे काम ज्याच्या गाळ्यात नीट होते, त्याचा माल कारखानदार परत पाठवत नाही.

टेम्पो गच्च भरूनही काट्यावर वजन भरत नाही, असे वारंवार होऊ लागले की गठ्ठे बांधण्याचे यंत्र घ्यावे, त्याआधी नाही.

नवी सेवा त्याच दारांपाशी सुरू करावी. ‘स्वच्छ’ने ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमातून जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचरा गोळा करण्याचा मार्ग घेतला. ई-कचऱ्यात मात्र घाई करू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्या पुनर्प्रक्रियेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. तांब्यासाठी वायरी जाळणे तर पूर्णपणे टाळावे. त्या धुराचा त्रास आधी आपल्याच माणसांना होतो. नोंदणी होईपर्यंत वस्तू न उघडता नोंदणीकृत कंपनीकडे द्याव्यात आणि मिळालेल्या पावतीची प्रत सोसायटीच्या सचिवांकडे पोहोचवावी.